काँगोत हात पोळले म्हणून पनामा निवडला: फर्स्ट क्वांटमची केस

खाण कंपनी एखाद्या देशात पैसे घालायचं कसं ठरवते, हा विषय निघाला की बहुतेक जण दोनच गोष्टी बोलतात, जमिनीखाली माल किती आहे आणि वरती सरकार कसलं आहे. दोन्ही बरोबर आहे, पण अर्धवट आहे. बाकीचं अर्धं समजून घ्यायला मला तरी कोब्रे पनामा या तांब्याच्या खाणीइतकी चांगली केस दुसरी सापडलेली नाही. कारण इथली कंपनी नवखी नव्हती, एका देशात सगळं गमावून आलेली होती, पुढचा देश निवडताना जे जे बघायचं असतं ते तिने बऱ्यापैकी बघितलं होतं, आणि तरीही कंपनीच्याच हिशेबाने दहा अब्ज डॉलर ओतलेली चालू खाण 2023 च्या नोव्हेंबरमध्ये कोर्टाच्या एका निकालाने बंद पडली.

कंपनीचं नाव फर्स्ट क्वांटम मिनरल्स. कॅनडातली, टोरांटोच्या शेअरबाजारात लिस्टेड, पण हाडाची आफ्रिकेतली. फिलिप पास्कल आणि त्यांच्या माणसांनी झांबियातून सुरुवात केली, तिथली कान्सान्शी खाण 2005 मध्ये चालू झाली आणि तिच्या जिवावर कंपनी मोठी झाली. सीमेपलीकडे काँगोत पण त्यांचं बस्तान बसत होतं, फ्रंटियर आणि लोन्शी या खाणी होत्या आणि कोल्वेझी इथे जुन्या खाणींचा जो गाळ साठला होता त्यातून तांबं आणि कोबाल्ट काढायचा मोठा प्रोजेक्ट उभा राहत होता. काँगो म्हणजे रिस्क हे त्यांना काय माहीत नव्हतं का, चांगलंच माहीत होतं, म्हणूनच कोल्वेझीत जागतिक बँकेच्या गटातली आयएफसी भागीदार म्हणून बरोबर होती. हिशेब असा असतो की असा भागीदार सोबत असला की सरकार हात लावायच्या आधी दहा वेळा विचार करतं. काँगो सरकारने तेवढा विचार केला नाही. 2009 मध्ये कोल्वेझीचा करार रद्द झाला, 2010 मध्ये फ्रंटियर आणि लोन्शी पण गेल्या. कंपनी आंतरराष्ट्रीय लवादात गेली, आणि शेवटी 2012 च्या जानेवारीत ईएनआरसी या कंपनीने, जिच्याकडे दरम्यानच्या काळात कोल्वेझीचा मोठा हिस्सा आला होता, 1.25 अब्ज डॉलर द्यायचं कबूल करून तो वाद मिटवला.

म्हणजे 2012 साली फर्स्ट क्वांटमकडे पैसा होता, खाणी बांधायचा अनुभव होता आणि काँगोची ताजी जखम होती. सगळी अंडी आफ्रिकेच्या टोपलीत नकोत असं कुणालाही वाटलं असतं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी इनमेट या दुसऱ्या कॅनेडियन कंपनीवर डोळा ठेवला. इनमेटचा मुख्य ऐवज म्हणजे पनामातला तांब्याचा साठा. इनमेटच्या मॅनेजमेंटला विकायचं नव्हतं, तरी फर्स्ट क्वांटमने थेट शेअरहोल्डर्सकडे जाऊन साधारण पाच अब्ज कॅनेडियन डॉलरला 2013 च्या सुरुवातीला कंपनी ताब्यात घेतलीच.

आता पनामाच का, हे नीट बघू.

पहिली गोष्ट भूगर्भ, आणि तिथे कंपनीला फारसा चॉइस नसतो. कापड गिरणी कुठेही काढता येते, खाण जिथे धातू आहे तिथेच काढावी लागते. कॅनडातली फ्रेझर इन्स्टिट्यूट दरवर्षी खाण कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना विचारून देशांची क्रमवारी लावते, तिच्यात साधारण 60 टक्के वजन खनिजाला आणि 40 टक्के सरकारी धोरणाला धरलेलं असतं, आणि हे प्रमाण अधिकाऱ्यांच्याच उत्तरांवरून आलेलं आहे. म्हणजे साठा जबरदस्त असेल तर धोरण जरा वाईट असलं तरी कंपन्या जातात. कोब्रे पनामाचा साठा प्रचंड, काही अब्ज टन, पण ग्रेड कमी. शंभर किलो दगड फोडला तर त्यात चारशे ग्रॅमपण तांबं नाही. असा साठा लहान प्रमाणावर परवडतच नाही, करायचं तर राक्षसी प्रमाणावर. आणि जागा कुठे, तर कोलोन प्रांतातल्या दोनोसो भागात, कॅरिबियन किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटर आत, घनदाट पावसाळी जंगलात. तिथे वीज नाही, बंदर नाही, धड रस्ता नाही. म्हणून पुंता रिंकोन इथे स्वतःचं बंदर बांधलं, तिथेच 300 मेगावॅटचं कोळशावर चालणारं वीज केंद्र उभं केलं, तिथून खाणीपर्यंत लाइन टाकली, आणि मग खाण. यातली एकही गोष्ट उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही, हे पुढे फार महागात पडणार आहे.

दुसरी गोष्ट, देशाच्या रिस्कचं पैशात रूपांतर. हे एक्सेल शीटमध्ये कसं होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. समजा दहाव्या वर्षी खाणीतून 100 डॉलर मिळणार आहेत. देश सुरक्षित मानला आणि 8 टक्के दराने सूट धरली, म्हणजे उशिरा मिळणाऱ्या पैशाची किंमत दर वर्षामागे त्या दराने कमी धरली, तर त्या शंभरची आजची किंमत 46 डॉलर होते. देश बेभरवशाचा मानला आणि 15 टक्के धरले तर तेच शंभर आज फक्त 25 डॉलरचे. माल तोच, फक्त देशाबद्दलचं मत बदललं आणि किंमत जवळजवळ अर्धी झाली. खाण बांधायलाच सहा-सात वर्षं जातात, पैसा परत यायला आणखी तेवढीच, त्यामुळे हा एक आकडा कुठला धरायचा यावर अब्जावधी डॉलरचा निर्णय फिरतो. म्हणूनच कमी ग्रेडच्या, सगळा खर्च आधी करायला लावणाऱ्या साठ्यासाठी शांत देश लागतो.

आणि पनामा कागदावर किती शांत होता बघा. 1904 पासून व्यवहारात अमेरिकन डॉलर, म्हणजे चलन घसरायची भीती नाही, नफा बाहेर न्यायला अडचण नाही. कालव्यामुळे शंभर वर्षं आंतरराष्ट्रीय व्यापाराची सवय. 2010 मध्ये तिन्ही मोठ्या रेटिंग एजन्सीजनी देशाला इन्व्हेस्टमेंट ग्रेड, म्हणजे कर्ज द्यायला भरवशाचा देश असा शिक्का, दिलेली. लष्करच नाही, त्यामुळे बंडाचा प्रश्न नाही. कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार 2013 च्या एप्रिलमध्ये लागू झाला, त्यात कंपनीला सरकारविरुद्ध थेट आंतरराष्ट्रीय लवादात जायची सोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाणीचा करार नुसता करार नव्हता, तो संसदेने पास केलेला कायदा होता, 1997 चा कायदा क्रमांक 9. काँगोत मंत्र्याच्या सहीने परवाना जातो, इथे कायदाच पाठीशी. बरोबर दक्षिण कोरियाचे भागीदार होते, आणि फ्रँको-नेव्हाडासारख्या कंपनीने पुढे निघणाऱ्या सोन्याचांदीच्या बदल्यात एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त दिले. त्या लोकांनीही हाच देश, हीच कागदपत्रं तपासली असणार ना. त्यामुळे पनामा निवडला हे चूक होतं असं मी म्हणणार नाही. 2013 मध्ये त्या टेबलावर बसलेल्या बहुतेकांनी तेच केलं असतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. त्यांनी देश तपासला, करार पुरेसा तपासला नाही, आणि लोकांना तर हिशेबात धरलंच नाही.

कराराचं बघा. तो कायदा क्रमांक 9 ज्याच्यावर सगळा डोलारा उभा, त्याला घटनाबाह्य ठरवा म्हणून पनामातल्या पर्यावरणाच्या बाजूने लढणाऱ्या लोकांनी 2009 मध्येच सुप्रीम कोर्टात केस टाकली होती. मुख्य मुद्दा अगदी साधा, ही जागा 1997 मध्ये टेंडर न काढता दिली गेली. म्हणजे फर्स्ट क्वांटमने इनमेट घेतली तेव्हा ही केस चार वर्षं जुनी होती. कोर्टं हळू चालतात, अशी शेकडो प्रकरणं धूळ खात पडतात, सरकार आपल्या बाजूने आहे, मग कशाला काळजी, असा विचार झाला असेल तर तो समजण्यासारखा आहे. पण जमीन घेताना सातबारावर वादाची नोंद दिसली तर आपल्याकडे साधा दोन एकरवाला पण थांबतो, आणि इथे पाच अब्जांचा सौदा होता.

लोकांचं पण आधीच दिसत होतं. 2011 मध्ये सरकारने परदेशी सरकारांच्या कंपन्यांना खाणीत पैसा घालता यावा म्हणून कायदा बदलला, नोबे-बुगले आदिवासी रस्त्यावर आले आणि महिन्याभरात तो कायदा मागे घ्यावा लागला. 2012 च्या फेब्रुवारीत परत तेच, पॅन-अमेरिकन हायवे अडवला, माणसं मेली, आणि मार्चमध्ये त्यांच्या प्रदेशात खाणबंदीचा कायदा झाला. हे सगळं इनमेटच्या सौद्याच्या वर्षभर आधीचं. त्यांचा विरोध दुसऱ्या खाणीला होता, जागा दुसरी, हे मान्य, पण या देशात खाणीच्या विषयावर रस्ता अडला की सरकार माघार घेतं हे तेव्हाच जगाने पाहिलं होतं. क्रेडिट रेटिंगमध्ये हे दिसत नाही कारण रेटिंगवाले सरकार कर्ज फेडेल का ते बघतात, लोकांना डोंगर पोखरलेला चालेल का हे त्यांचं कामच नाही.

तर 2017 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा 9 घटनाबाह्य ठरवला, आणि निकाल बाहेर आला 2018 च्या सप्टेंबरमध्ये. तेव्हा बांधकाम शेवटच्या टप्प्यात होतं, पैसा जंगलात गाडला गेलेला. थांबायचं म्हणजे सगळं बुडवायचं. सरकारलाही थांबवायचं नव्हतं, फेरविचाराचे अर्ज चालू आहेत, निकाल अजून अंतिम नाही, असं म्हणत सगळे पुढे गेले. 2019 मध्ये उत्पादन सुरू झालं. आणि खाण उत्तम चालली हे सांगायलाच हवं, 2022 मध्ये साडेतीन लाख टन तांबं, जगाच्या उत्पादनाच्या दीड टक्का, देशाच्या जीडीपीच्या पाचेक टक्के. हजारो लोकांना थेट काम. इंजिनियरिंग म्हणून बघितलं तर मानायलाच पाहिजे असं काम.

पण खाण एकदा बांधून झाली की पारडं फिरतं. बांधायच्या आधी देश कंपनीच्या मागे असतो, या, सवलती घ्या. बांधून झाल्यावर कंपनी कुठे जाणार, पैसा तर खड्ड्यात. मग सरकारला आठवतं की आपण रॉयल्टी फक्त 2 टक्के घेतोय. आणि खरं सांगायचं तर पनामाच्या लोकांना ती कमी वाटली यात काही चूक नव्हतं, तांब्याचा भाव वर गेलेला, डोळ्यासमोरून जहाजं भरून माल जातोय आणि देशाच्या वाट्याला चिमूटभर. 2021 च्या डिसेंबरमध्ये निकाल गॅझेटमध्ये छापून अंतिम झाला, म्हणजे आता नवा करार लागणारच होता. राष्ट्राध्यक्ष लॉरेंतिनो कोर्तिसो यांनी वर्षाला किमान 375 दशलक्ष डॉलर मागितले. कंपनी आकड्याला तयार झाली पण तांब्याचा भाव पडला तर काय, या अटींवर घासाघीस चालली, 2022 च्या डिसेंबरची मुदत टळली, 2023 च्या फेब्रुवारीत बंदरातून माल भरणंच अडवलं गेलं, आणि मार्चमध्ये एकमत झालं.

इथे दोन्ही बाजूंनी जी चूक केली ती माझ्या मते सगळ्यात मोठी. दोघांनी बसून पैशाचा प्रश्न सोडवला, आणि कोर्टाचा मूळ आक्षेप पैशाचा नव्हताच, टेंडरचा होता, म्हणजे पद्धतीचा. नवा करार पण थेट त्याच कंपनीशी झाला. 20 ऑक्टोबर 2023 ला संसदेने तो कायदा 406 म्हणून पास केला आणि राष्ट्राध्यक्षांनी त्याच दिवशी सही केली. वीस वर्षांचा करार, वर आणखी वीस वर्षं वाढवायची सोय, आणि घाई इतकी की लोकांना वाटलं काहीतरी लपवतायत.

दुसऱ्या दिवसापासून लोक रस्त्यावर. बांधकाम कामगारांची युनियन, शिक्षक, विद्यार्थी, आदिवासी, आणि नुसती मध्यमवर्गीय घरची माणसं, झेंडे घेऊन. त्या वर्षी पनामात पाऊस कमी झाला होता, कालव्याला पाणी पुरत नव्हतं म्हणून रोज जाणाऱ्या जहाजांची संख्या कमी केली होती, अशा वेळी पावसाळी जंगलातल्या राक्षसी खाणीला चाळीस वर्षं मोकळीक हे लोकांना सहन होणं शक्य नव्हतं. महिनाभर रस्ते बंद होते. चिरिकी प्रांतातून देशाला भाजीपाला जातो, तो अडकला, आणि तिकडे उलट गॅस-पेट्रोल पोचेना. 7 नोव्हेंबरला हायवेवर एकाने दोन आंदोलकांना गोळ्या घालून मारलं. राष्ट्राध्यक्षांनी सार्वमत घेऊ म्हटलं, ते पण जमलं नाही.

आणि मग बंदर. मच्छीमारांनी आपल्या छोट्या होड्या घेऊन पुंता रिंकोनच्या समोर समुद्र अडवला. कोळशाचं जहाज आत येईना. कोळसा नाही म्हणजे 300 मेगावॅटचं केंद्र नाही, केंद्र नाही म्हणजे दगड दळणाऱ्या चक्क्या नाहीत. कोर्टाचा निकाल यायच्या आधीच खाण या होड्यांनी थांबवली होती. स्वतःचं बंदर आणि स्वतःची वीज असली की देशाच्या खराब सोयींवर अवलंबून राहावं लागत नाही म्हणून कंपन्या ते बांधतात, आणि नेमकी तीच नस लोकांनी पकडली.

28 नोव्हेंबरला, पनामा स्पेनपासून मुक्त झाला त्या दिवशी, सुप्रीम कोर्टाने एकमताने कायदा 406 पण घटनाबाह्य ठरवला. कोर्तिसोंनी खाण बंद करायची घोषणा केली. नव्या धातूच्या खाणींना परवाने द्यायचे नाहीत असा कायदा त्याच महिन्यात झाला होता. फर्स्ट क्वांटमच्या शेअरची किंमत दीड महिन्यात निम्म्याहून जास्त उतरली. पुढच्या मार्चमध्ये फिच या रेटिंग एजन्सीने पनामाचं इन्व्हेस्टमेंट ग्रेड काढून घेतलं, खाण बंद झाल्याचा त्यात मोठा वाटा. म्हणजे ज्या रेटिंगकडे बघून कंपनी आली ते रेटिंग कंपनीच्या खाणीमुळे गेलं. एकच खाण देशाच्या पाच टक्के असते तेव्हा देशाची रिस्क आणि खाणीची रिस्क वेगळी राहतच नाही, आणि कुठल्याच शीटमध्ये कंपनी स्वतःला रिस्क म्हणून धरत नाही.

गोव्याच्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. 7 फेब्रुवारी 2018 ला आपल्या सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं ते लिलाव न करता दिलं म्हणून, आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या, डिचोली-साखळी-सांगे पट्ट्यातले ट्रक आणि बार्ज उभे राहिले. सरकार देणारं, कंपन्या घेणाऱ्या, आणि तरीही देण्याची पद्धत चुकली म्हणून सगळं शून्य. पुढे 2022 च्या डिसेंबरपासून लिलाव सुरू झाले, त्यातून परत खाणी द्यायला लागले. पनामाला तो मार्ग 2025 पर्यंत तरी सापडला नव्हता, कारण तिथे मोठी खाण एकच आणि बांधणारी कंपनी लवादात गेलेली.

दरम्यान ज्या झांबियापासून लांब जायचं होतं त्याचं काय झालं हे सांगायलाच हवं. झांबियाने कंपनीला कमी त्रास दिला नाही. 2008 ला विंडफॉल टॅक्स, म्हणजे भाव चढल्यावर होणाऱ्या जादा नफ्यावरचा कर, आणला, पुढच्या वर्षी काढला. 2015 मध्ये उघड्या खाणींची रॉयल्टी एकदम 20 टक्के केली, काही महिन्यांत 9 वर आणली. 2018 मध्ये तर कर खात्याने फर्स्ट क्वांटमकडे जवळजवळ आठ अब्ज डॉलर थकबाकी काढली, नंतर ते मिटलं. रेटिंगच्या कागदावर पनामापुढे झांबिया कुठेच नाही, 2020 मध्ये तर देशाने परदेशी कर्जच बुडवलं. पण इतकी भांडणं होऊनही कान्सान्शी बंद पडली नाही. नवं सरकार आल्यावर रॉयल्टीवर सवलत मिळाली आणि 2022 मध्ये कंपनीने तिथेच 1.25 अब्ज डॉलरचा विस्तार मंजूर केला, आणि पनामा गेल्यावर झांबियाच्या खाणींवरच घर चाललं. मला यातून असं दिसतं की झांबियात खाण लोकांच्या जगण्याचा भाग आहे, कॉपरबेल्टमध्ये, म्हणजे तिथल्या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, पिढ्यान्पिढ्या घरात कुणीतरी खाणकामगार, त्यामुळे भांडण वाटणीवर होतं, खाण असावी की नसावी यावर नाही. पनामा स्वतःला कालव्याचा, बँकांचा आणि जंगलाचा देश समजतो, तिथे मोठी खाण ही पाहुणीच. हा फरक कुठल्या इंडेक्समध्ये येत नाही, तिथे जाऊन राहिल्यावरच कळतो.

मग लवादाची सोय कामी आली का? कंपनीने 20 अब्ज डॉलरचा दावा लावला. पण लवाद पैसे देतो, तेही वर्षानुवर्षांनी, खाण परत देत नाही. आणि कंपनीला हवी आहे खाण. नवे राष्ट्राध्यक्ष होसे राउल मुलिनो 2024 च्या जुलैमध्ये आले, त्यांनी स्पष्ट सांगितलं की लवाद चालू असताना बोलणी नाहीत, आणि 2025 च्या मार्चमध्ये कंपनीने दावे थांबवले. काँगोत शेवटी 1.25 अब्ज मिळाले कारण परत जायचं नव्हतं, इथे परत जायचंय म्हणून ते हत्यार खाली ठेवावं लागलं.

बंद खाण पण फुकट बसत नाही. पंप, पाणी, टेलिंगचा (तांबं काढून उरलेल्या गाळाचा) बांध, माणसं, यावर महिन्याला दीड-दोन कोटी डॉलर जात होते. एवढ्या पावसात फोडलेला सल्फाइडचा दगड उघडा पडून राहिला तर पाणी आम्लधर्मी व्हायला लागतं, म्हणजे नुसतं कुलूप लावून निघून जाता येत नाही, हे सरकारलाही मानावं लागलं. शेवटी 2025 च्या मध्यात देखभालीचा आराखडा मंजूर झाला आणि दीड वर्ष गोदामात पडलेलं साधारण 1 लाख 20 हजार टन कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दगड दळून वेगळा केलेला तांब्याचा माल, जहाजात भरायला परवानगी मिळाली. खाण परत उघडायची तर मुलिनो सरकारपुढे 1997 चाच प्रश्न आहे, करार कुणाशी आणि कुठल्या पद्धतीने. थेट फर्स्ट क्वांटमशी केला तर तिसऱ्यांदा कोर्ट आहेच. टेंडर काढलं तर दुसरं कोण येणार, आणि आलंच तर फर्स्ट क्वांटमचे दहा अब्ज कोण भरणार?